सुखदेवकाकांचा फोटो

कर्वेनगर, पुणे ५२
११ फेब्रुवारी २००१

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

राकेशला नैराश्याचा आजार झाला आहे. काल डॉ. रंगनाथ सोमण यांनी तासभर तपासून तसं सांगितलं. म्हणजे आपण इतके दिवस जे म्हणत होतो तो आळस, ते पित्त, ती नजर, यातलं काहीच नव्हतं.

डिसेंबरात त्याच्या कंपनीतलं अमेरिकेचं काम थांबलं. तीस मुलांना बेंचवर बसवलं, म्हणजे पगार चालू आणि काम नाही. पहिले काही दिवस तो जाऊन नुसता बसून यायचा. मग जायचाच थांबला. आता तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. दाढी नाही, आंघोळ नाही. परवा मला म्हणाला, "ताई, मी नसलो तर तुमचं नक्की काय अडेल?" बसचा नंबर विचारावा इतक्या शांतपणे. मी त्या दिवशी रजा टाकली आणि घरातल्या कात्र्या, ब्लेड, फिनेल असं सगळं माझ्या कपाटात कुलपात ठेवलं.

डॉक्टरांकडे एक छापील फॉर्म होता. त्यात विचारलं होतं, घराण्यात कोणाला मानसिक आजार होता का? प्रश्न पुरा व्हायच्या आत बाबा म्हणाले, "कोणी नाही." बाबांना तू ओळखतेस. दुकानदाराने पिशवी हवी का विचारलं तरी ते दोन मिनिटं विचार करतात.

डॉक्टर म्हणाले, "घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या. वरून सारख्या दिसणाऱ्या या आजाराच्या दोन जाती आहेत. एकीची गोळी दुसरीला दिली तर उलटू शकते. घराण्यात काय होतं ते कळलं की मला अंदाज येतो."

मी आठवून पाहिलं. आजोबा क्षयाने गेले. आजी म्हातारपणाने. सुखदेवकाका भिक्खू होऊन तिकडे उत्तरेत विहारात. बाबा खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं एक खाडा न करता राबले. तू शाळामास्तरीण. म्हणजे कोणी नाही. पण मला माहीत असलेलं घराणं ते किती? म्हणून तुला विचारते. फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे आणि तुझ्याकडचा फोन शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात, म्हणून पत्र.

आई असती तर तिला विचारलं असतं. आता तूच आहेस. लवकर लिही, चोवीस तारखेच्या शनिवारी गोळ्या ठरायच्या आहेत.

तुझी
दीक्षा

---

हिंगणघाट
१७ फेब्रुवारी २००१

चि. दीक्षा,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. आपलं पोर असं व्हावं! पण घाबरू नको. नोकरीचं टेन्शन आहे, दुसरं काही नाही. काम मिळालं की उठून बसेल.

तू विचारलंस त्याचं उत्तर: आपल्या घराण्यात असं कोणालाही नव्हतं. रामदासने डॉक्टरांना सांगितलं तेच बरोबर आहे. पुन्हा पुन्हा तेच विचारून त्याला त्रास देऊ नको. तो बोलत नाही, पण आतून खचणारा माणूस आहे.

इकडे आमच्या प्रियदर्शनीचं पक्कं झालं. मुलगा अमरावतीला पाटबंधारे खात्यात आहे. लग्न २२ एप्रिलला, रविवारी. मुलाचे वडील रावसाहेब चौकस आहेत. घरात कोणाला कोड, फिट्स, डोक्याचा काही प्रकार नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. आम्ही नाही म्हणून सांगितलं. सुखदेवचं सांगितलं तेव्हा हात जोडले त्यांनी. म्हणाले, ज्या घरातला मुलगा भिक्खू झाला ते घर बघायला नको. तेव्हा राकेशबद्दल पोस्टकार्डावर लिहू नको, बंद पाकीट वापर. त्याला कावीळ झाली आहे असं मी इथे सांगितलं आहे. तूही तेच सांग.

राकेशला रोज डाळीचं पाणी दे. सकाळी उन्हात बसव.

आणि एक. त्याला झोप लागते ना? पडून राहतो तोवर चिंता नाही. झोप उडाली तर मात्र त्याच दिवशी कळव.

तुझी आत्या
शालन

---

कर्वेनगर, पुणे ५२
१८ मार्च २००१

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

राकेश उठला! तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या सुरू झाल्या. "घराण्यात कोणी नाही" असं डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलं आणि नैराश्याची गोळी दिली. गेल्या आठवड्यात तो आपणहून आंघोळीला गेला. मी मोरीच्या दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत रडले.

आता घरात नुसती गडबड आहे. पहाटे उठून तो सगळ्यांचे कपडे धुतो. सोसायटीतल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवणार म्हणतो. स्वतःची कंपनी काढणार, तिचं नावही ठरलंय. मी म्हटलं, "आधी चहा घे, मग कंपनी काढ." तर हसला. दोन महिन्यांनी हसला.

हे मी आनंदाने लिहायला बसले होते. पण खरं सांगू? मला भीती वाटते आहे. तो बोलायला लागला की थांबत नाही. एका वाक्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि मी मध्ये काही विचारलं की चिडतो. बुधवारी त्याने घड्याळ वॉचमनला देऊन टाकलं, गुरुवारी नवे बूट. म्हणतो, "सुखदेवकाकांनी सगळं सोडलं, मला एक घड्याळ सुटू नये?" शुक्रवारी तो कोपऱ्यावरच्या सलूनमधून डोकं तासून आला. हॉलमध्ये काकांच्या फोटोखाली जाऊन उभा राहिला, खांद्यावर चादर घेतली आणि म्हणाला, "ताई, बघ. सेम."

खरंच सेम होतं. तेच कान, तीच हनुवटी, तसंच एका खांद्यावरून घेतलेलं वस्त्र. लहानपणी बुद्धपौर्णिमेला आम्ही दोघं त्या फोटोला फुलं वाहायचो तेव्हा कधी लक्षात आलं नाही.

बाबा तेव्हा पाणी पीत होते. पेला हातातून पडला. ते गॅलरीत जाऊन बसले आणि तेव्हापासून कोणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, मुलगा घर सोडून भिक्खू होईल म्हणून घाबरले. पण आत्या, मुलगा भिक्खू होतो म्हणून माणूस असा थरथरतो?

मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. राकेश सहा दिवस झोपलेला नाही. दमतही नाही. तू झोपेचं का विचारलं होतंस? डॉक्टरांनीही तेव्हा ते विचारलं नव्हतं. तुला कसं माहीत?

दीक्षा

---

हिंगणघाट
२१ मार्च २००१

दीक्षा,

स्पीड पोस्टने पाठवते आहे. काल बूथवरून फोन लावला होता. रामदासने उचलला, "इथे सगळं ठीक आहे" म्हणाला आणि ठेवून दिला.

हे पत्र मिळताच राकेशला डॉक्टरांकडे घेऊन जा. झोप नाही, बोलणं थांबत नाही, वस्तू वाटतो, हे सगळं त्यांना सांग. ती गोळी त्याला चालत नाही म्हणून सांग. त्याला एकटं घराबाहेर सोडू नको. दाराला आतून कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याकडे ठेव.

कारण विचारू नको. लग्न पार पडू दे. मग मी स्वतः येऊन सगळं बोलेन.

आत्या

---

कर्वेनगर, पुणे ५२
२५ मार्च २००१

आत्या,

राकेश काल सकाळपासून बेपत्ता आहे. पोलीस चौकीत तक्रार नोंदवली. स्टेशनवरच्या एका हमालाने फोटो ओळखला, डोकं तासलेला मुलगा उत्तरेकडच्या गाडीत चढला म्हणाला. तुझं पत्र त्यानंतर चार तासांनी आलं. कुलूप घालायला सांगितलंस, तेव्हा आत कोणी उरलं नव्हतं.

मी डॉक्टरांकडे एकटीच गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, "गोळी उलटली आहे. ही दुसरी जात. घराण्यात कोणीतरी असणार असं मला आता वाटतंय. मुलगा सापडताच त्याला भरती करावं लागेल." मी विचारलं, नाही सापडला तर? ते म्हणाले, "या अवस्थेत माणसाला धोका कळत नाही. चालत्या गाडीतून उतरावंसं वाटलं तर तो उतरतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याने भिंतीवरचा फोटो फ्रेमसकट नेला. खिळा आहे आणि पांढरा चौकोन. टेबलावर चिठ्ठी: "काकांकडे जातो. त्यांना सगळं कळेल."

मला त्या विहाराचा पत्ता हवा आहे. गाव, जिल्हा, काहीही. तिकडच्या पोलिसांना कळवता येईल. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तिथे कोणी नाही." कुठे तिथे? मी त्यांच्यावर ओरडले, आत्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी खाली बघून चपला घातल्या, खुंटीवरची पिशवी घेतली आणि मार्केट यार्डला निघून गेले. मुलगा बेपत्ता आणि बाप भाजी आणायला! एरवी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जातात, सात वाजता निघून एक वाजता दोन किलो कांदे घेऊन येतात, त्याची आम्ही चेष्टा करायचो. काल ती चेष्टा वाटली नाही.

कारण विचारू नको, असं लिहितेस. विचारते आहे. लग्नापर्यंत थांबायला राकेश आहे का नाही, हेच मला माहीत नाही.

दीक्षा

---

हिंगणघाट
२८ मार्च २००१

चि. दीक्षा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. शेजारचे सीतारामभाऊ मुलीकडे पुण्याला येत आहेत, त्यांच्या हाती देते. शाळेत तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. आता माझी पाळी.

सुखदेव भिक्खू कधीच झाला नाही.

सत्तर साली तो तेवीस वर्षांचा होता. रामदासला खडकीला नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, तेव्हा तो त्याच्याकडे परीक्षेची तयारी करायला गेला. आम्हा तिघांत तोच हुशार. एका उन्हाळ्यात त्याची झोप गेली. नऊ दिवस तो झोपला नाही. रामदासचे कपडे, भांडी, रेशन त्याने वाटून टाकलं. पाण्याच्या टाकीवर चढून भाषण करू लागला. खाली लोक जमले, काही टाळ्या वाजवत होते. रामदासने वर चढून त्याला मिठीत धरून उतरवलं. मग तो महिनेच्या महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग पुन्हा तेच. शेवटी रामदासने त्याला सरकारी मनोरुग्णालयात नेलं. पुण्यातल्याच.

रामदास दर आठवड्याला सायकलवरून जायचा. एकदा कारखान्यातल्या कोणाचा कॅमेरा घेऊन गेला आणि आईसाठी फोटो काढला. उन्हाळा होता, उवा झाल्या म्हणून वॉर्डातल्या सगळ्यांची डोकी तासली होती. सदऱ्याची बाही फाटलेली, ती दिसू नये म्हणून रामदासने त्याच्या खांद्यावर पलंगावरची चादर टाकली. फोटो काळापांढरा. चादर कुठल्या रंगाची, कोणाला दिसणार?

आईला वाचता येत नव्हतं. तिने छप्पन साली दीक्षा घेतली होती, एक मुलगा संघाला द्यायचा ही तिची इच्छा. तिने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "माझा सुखदेव भिक्खू झाला गं!" रामदासने माझ्याकडे पाहिलं, मी रामदासकडे. कितीतरी महिन्यांनी ती हसली होती. आम्ही तोंड उघडलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती फुलं घेऊन आली.

ठरवलं होतं, आई आहे तोवर. ती एकोणऐंशीला गेली. तोवर त्या फोटोच्या पुण्याईवर रामदासचं लग्न झालं होतं, माझं झालं होतं. तुझ्या आईलाही माहीत नव्हतं. आता कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

फ्रेममध्ये चादरीचा कोपरा झाकला जाईल असा रामदासने फोटो बसवला, कारण त्या कोपऱ्यावर वॉर्डाचा नंबर शिवलेला आहे. मागच्या बाजूला रामदासच्या अक्षरात हॉस्पिटलचं नाव आणि तारीख आहे. राकेशने फ्रेम उघडली तर काय होईल, या विचाराने मी काल तुझं पत्र आल्यापासून पाण्याबाहेरच्या मासोळीसारखी आहे.

आणखी ऐक. सुखदेव जिवंत आहे. ब्याऐंशी साली लिथियमच्या गोळ्यांनी तो ठीक झाला. मार्केट यार्डात हिंमतराव नावाच्या आडत्याच्या गाळ्यावर कांद्याच्या पोत्यांवर मार्के रंगवतो. गुलटेकडीला खोली आहे. रामदास भाजीला जातो तो त्याच्याकडेच. तुम्ही लहानपणापासून त्याने निवडून दिलेले कांदे खाल्ले आहेत.

म्हणून मी झोपेचं विचारलं. सुट्टीत तुम्ही दोघं माझ्याकडे यायचात तेव्हा मी रात्री उठून तुम्हाला पाहून जायचे. तुम्हाला वाटायचं, आत्या पांघरूण घालते. मी डोळे मिटले आहेत का ते बघायचे. प्रियदर्शनीचे अजून बघते.

सोबत सुखदेवच्या औषधाची जुनी चिठ्ठी जोडली आहे. डॉक्टरांना दे. हे मी फेब्रुवारीत लिहायला हवं होतं. त्या वेळी माझ्यापुढे रावसाहेब बसले होते.

आत्या

---

कर्वेनगर, पुणे ५२
१ एप्रिल २००१

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

राकेश सापडला आहे, जिवंत आहे. परवा दुपारी मनोरुग्णालयातून फोन आला आणि ते सांगणारे होते सुखदेवकाका.

तुला ज्याची भीती होती तेच त्याने केलं. त्या दिवशी गाडीत फ्रेम उघडली, मागचं अक्षर वाचलं आणि मनमाडला उतरला. तिथून पुण्याला यायला त्याला सहा दिवस लागले. मधल्या दिवसांचं त्याला नीट सांगता येत नाही. एका पायात चप्पल नव्हती, कपाळावर खोक होती. मनोरुग्णालयाच्या फाटकावर येऊन तो फोटो हलवत ओरडत होता, "माझे काका आत आहेत, त्यांना सोडा!" तिथल्या एका म्हाताऱ्या अटेंडंटने फोटो पाहिला आणि म्हणाला, "अरे, हा तर आमचा सुखदेव. तो कधीच सुटला." त्याने हिंमतरावांच्या गाळ्यावर फोन केला. काका हाताला रंग तसाच ठेवून रिक्षाने गेले.

त्याच रात्री सीतारामभाऊ तुझं पत्र घेऊन आले. तोवर मला सगळं माणसांच्या रूपात दिसलं होतं.

वॉर्डात गेले तेव्हा राकेश पलंगावर बसलेला, डोकं तासलेलं, खांद्यावर चादर. कोपऱ्यावर नंबर. आत्या, तो फोटोच तिथे बसला होता. मी दारातच थांबले. त्याच्या शेजारी एक पांढऱ्या केसांचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस बसला होता. त्याने वर पाहिलं, तर तेच कान. म्हणाले, "ये, दीक्षा. चौथीत दात पडला होता तुझा, त्याचीही बातमी आली होती मला."

डॉ. सोमण येऊन गेले. तू पाठवलेली काकांची चिठ्ठी त्यांनी तिथल्या डॉक्टरांना दाखवली. दोघांचं एकमत झालं. रक्ताच्या नात्यात एखाद्याला लिथियम लागू पडलं असेल तर दुसऱ्यालाही पडायची शक्यता बरी असते. काल रात्री पहिली गोळी दिली.

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "मला होईल?" ते म्हणाले, "आजार वारशाने येत नाही, त्याकडे जाणारा कल येतो. ज्यांच्या सख्ख्या भावाला हा आजार आहे अशा दहा जणांत नऊ जणांना तो होत नाही." मी ती दहा माणसं डोळ्यांपुढे उभी केली आणि प्रत्येक वेळी दहावी मीच निघते. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या आठवड्यात मी दोन रात्री जागते आणि तिसऱ्या दिवशी डोकं हलकं, स्वच्छ वाटतं. तेव्हा आवडायचं. आता ते आठवलं की घाम फुटतो.

आज महिन्याचा पहिला रविवार. बाबा पिशवी घेऊन उठले, दारात थांबले आणि म्हणाले, "चलतेस?" एवढंच. गाळ्यावर काकांनी मला पोत्यावर बसवलं, चहा मागवला. दोघे भाऊ कांद्याच्या भावावर बोलत होते. मध्येच बाबा म्हणाले, "सुखा, मी डॉक्टरला नाही म्हणालो रे." काका मार्का रंगवत राहिले. मग म्हणाले, "दादा, तू तीस वर्षं नाहीच म्हणत आलास. जीभ वळली असेल."

बाबा उठले आणि पोत्यातून दोन किलो कांदे स्वतः निवडू लागले.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जाईपर्यंत थांबले असते तर हे पत्र लिहायचं राहिलं असतं.

दीक्षा

---

हिंगणघाट
६ एप्रिल २००१

चि. दीक्षा,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. "जिवंत आहे" एवढ्यावरच बोट ठेवून बसले होते.

राग धर. तो धरायचा हक्क तुझा आहे.

प्रियदर्शनीला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. तिने विचारलं, "आई, तू रोज माझे डोळे बघतेस ते यासाठी होय? मला वाटायचं, तुझा माझ्यावर विश्वास नाही." मग तिनेच अमरावतीला पत्र लिहिलं, मुलाला. मामाबद्दल, राकेशबद्दल, डॉक्टरांनी तुला सांगितलेल्या दहा जणांबद्दल. मी पाकीट टपालपेटीत टाकताना हात मागे घेत होते. तिने माझ्या हातातून घेऊन टाकलं.

काल मुलाचा फोन आला. तो म्हणाला, मला अडचण नाही. पण रावसाहेब बोलले नाहीत. पंधरा तारखेला, रविवारी, ते इथे येणार आहेत. पत्रिका वाटून झाल्या आहेत. रात्रीचं मला झोप लागत नाही आणि झोप लागत नाही म्हणून आणखी भीती वाटते. माझ्या वयात होतं का हे? डॉक्टरांना विचारून ठेव.

सुखदेवला सांग, शालन विचारत होती.

आत्या

---

कर्वेनगर, पुणे ५२
११ एप्रिल २००१

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

राकेशच्या रक्तात औषध हवं तितकं आलं आहे. सोमवारच्या तपासणीचा रिपोर्ट काल मिळाला, वॉर्डातल्या डॉक्टरांनी स्वतः वाचून दाखवला. चार रात्री तो सहा सहा तास झोपला. बोलणं खाली आलं आहे. हात थोडे कापतात, पाणी फार पितो. ते औषधाचं आहे म्हणाले.

तुझं विचारलं. ते म्हणाले, लेकीच्या लग्नाच्या आधी आईला झोप लागत नाही, यासाठी अजून गोळी निघालेली नाही. तरी महिनाभर असंच राहिलं तर दाखवून घे.

परवा तो पहिल्यांदा काकांशी शांतपणे बोलला. मी तिथेच होते.

"तुम्ही भिक्खू नाहीत?"

"नाही रे. तेव्हा उवा झाल्या होत्या."

राकेश हसला. मग हसता हसता रडायला लागला. काकांनी त्याला रडू दिलं. पुष्कळ वेळाने त्याने विचारलं, "किती वर्षं घेता गोळ्या?"

"एकोणीस."

"सुटत नाहीत?"

"सत्त्याऐंशी साली सोडल्या होत्या. बरं वाटत होतं म्हणून. पुढचं तुझ्या बाबाला विचार."

बाबांनी खिडकीकडे तोंड केलं. मी राकेशच्या चेहऱ्यावर पाहिलं, आत्या, ते भयच होतं. आणि मला ते बघून बरं वाटलं. गेल्या महिन्यात त्याला कशाचंच भय नव्हतं.

त्याला शनिवारी सोडणार होते. पण शनिवारी चौदा एप्रिल, रस्त्यारस्त्याला मिरवणुका आणि रात्रभर ढोल. डॉक्टर म्हणाले, पहिलीच रात्र जागरणाची नको. म्हणून रविवारी सकाळी. त्याच दिवशी तुझ्याकडे रावसाहेब येतील. त्यांनी विचारलं तर सगळं सांग, आणि हेही सांग की बावीस तारखेला लग्न असो वा नसो, आम्ही येतो आहोत. बाबा, मी आणि काका नक्की. राकेशचं डॉक्टर गुरुवारी ठरवतील. काका पँट-शर्टात येतील, केस नीट विंचरून. त्यांची ओळख काय करून द्यायची ते तू ठरव, वेळ आहे.

रविवारी दहा वाजता बाबा आणि काका रिक्षाने राकेशला घेऊन येतील. काका आमच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकणार आहेत. आठ दिवस राहतील, हिंमतरावांनी रजा दिली आहे. फोटो आता पाकिटात, डॉक्टरांच्या कागदांबरोबर आहे. खिळा काढू का, असं बाबांना विचारलं तर म्हणाले, राहू दे, त्यावर गोळ्यांची पिशवी अडकवू. रात्री नऊ वाजता काका आणि राकेश एकदमच गोळ्या घेतील आणि दहाला दिवे बंद, असं ठरलं आहे.

कोण झोपलं आणि कोण नाही ते बघायला मी उठायचं नाही, हे डॉक्टरांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. पहिल्या रात्री उठेन बहुतेक.

तुझी
दीक्षा